पेनकिलर एकदम बंद केल्यावर होणारा त्रास: शरीरात काय होतंय आणि आता काय करायचं

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचं मणक्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, तेव्हापासून ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा आणि रात्री प्रीगाबालिन ७५ (मज्जातंतूच्या दुखण्याची गोळी) चालू होतं, तीन दिवसांपूर्वी नेटवर काहीतरी वाचून त्यांनी दोन्ही एकदम बंद केलं, आणि आता झोप नाही, पाय सारखे हलवतायत, घाम, जुलाब, नाक गळतंय, मुलांवर खेकसतायत, आणि सासूबाई म्हणतायत पोरगा गोळ्यांच्या नादी लागला. तुमचे प्रश्न तीन आहेत, हे व्यसन आहे का, गोळी परत सुरू करायची का, आणि घरात उरलेल्या स्ट्रिप्सचं काय करायचं. मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पेन क्लिनिकमध्येच काम करतेय, म्हणजे रोज हेच पेशंट बघते, त्यामुळे सविस्तर लिहिते. पण आजच्या आज करायचं ते आधी.

ज्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांना आज फोन करा, उद्यावर ढकलू नका. फोनवर एवढं नीट सांगा: कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती, किती महिने, शेवटची कधी घेतली, आणि बीपीची, शुगरची, डिप्रेशनची, झोपेची अजून कुठली औषधं चालू आहेत का. बहुतेक वेळा डॉक्टर गोळी परत सुरू करतात, आधीच्याच डोसवर किंवा थोड्या कमी डोसवर, आणि मग पायरीपायरीने उतरवतात, आणि गोळी परत चालू झाली की दोन-तीन तासांत माणूस निम्मा शांत होतो. पण डोस तुम्ही घरी ठरवू नका, आणि तीन दिवसांचा बॅकलॉग भरून काढायला एकदम दोन-तीन गोळ्या तर अजिबात देऊ नका. फिट आली, नसलेल्या गोष्टी दिसायला-ऐकू यायला लागल्या, बोलण्यात गोंधळ झाला, उलट्या थांबत नाहीत आणि लघवी कमी झालीय, छातीत दुखतंय, अंग ताठ होऊन ताप चढतोय, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही ते बोलले, तर फोनची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीला न्या. दोन्ही औषधं एकदम बंद झालीयत म्हणून मी फिटचं आवर्जून लिहितेय, ती क्वचितच येते पण येऊ शकते, आणि आधी कधी फिट आलेली असेल किंवा डोक्याला मार लागलेला असेल तर धोका जास्त.

आता हे होतंय काय. ट्रामाडॉल हे ओपिऑइड गटातलं औषध आहे, म्हणजे मॉर्फिन, कोडीन, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल यांच्याच घरातलं, ताकदीने बरंच सौम्य पण घर तेच. ही औषधं मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि आतड्यातल्या ठराविक रिसेप्टर्सवर जाऊन बसतात आणि तिथलं काम मंदावतात, त्यात दुखण्याचा सिग्नल मंदावतो तसं बाकीचंही बरंच मंदावतं. मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटासा पुंजका आहे, तो नॉरअ‍ॅड्रिनालिन सोडतो, म्हणजे आपल्याला जागं ठेवणारं, सावध ठेवणारं, छाती धडधडवणारं रसायन. औषध रोज त्याला दाबतं, म्हणून काही आठवड्यांत तो उलटा जोर लावायला शिकतो. एका दाराला दोन्ही बाजूंनी दोघंजण जोर लावून उभे असावेत तसं हे चालू असतं, दार स्थिर दिसतं, पण एकाने अचानक हात काढला की दुसरा धाडकन आत पडतो. तुमच्या मिस्टरांनी तीन दिवसांपूर्वी एका बाजूचा हात काढला. म्हणून घाम, धडधड, चिडचिड, बेचैनी. आणि आतड्यावरचा ब्रेक सुटला म्हणून जुलाब आणि पोटात मुरडा, आठ महिने त्यांना बद्धकोष्ठ होतं असणार, बघा विचारून.

क्लिनिकमध्ये असा पेशंट आला की तो बोलायच्या आधीच पुष्कळ कळतं. खुर्चीत बसल्या बसल्या जांभया यायला लागतात, एकामागून एक, आणि डोळ्यांतून पाणी येतं, माणसाला वाटतं आपल्याला सर्दी झालीय. हातावर काटा आलेला असतो, खोलीत गारठा नसताना, आणि बोट फिरवलं तर तो स्पष्ट हाताला लागतो. उजेडातही डोळ्याची बाहुली मोठी दिसते. गोळीच्या अंमलाखाली असताना हीच बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असते, त्यामुळे हा फरक आम्ही नेहमी बघतो. आणि खुर्चीखाली पाय, एक सेकंद स्थिर नाही. हे सगळं मोजायची ११ मुद्द्यांची एक स्केल आहे, काऊज म्हणतात तिला, नाडी, घाम, बाहुली, जांभया, काटा, हातापायांची हालचाल असं एकेक बघून मार्क द्यायचे, ४८ पैकी. त्यावरून त्रास किती आणि औषध किती लागेल याचा अंदाज येतो.

वेळेचं गणित साधारण असं. ट्रामाडॉल, कोडीन, साधं मॉर्फिन अशा लवकर उतरणाऱ्या औषधांचा त्रास शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि ४ ते १० दिवसांत ओसरतो. मेथाडोनसारख्या रेंगाळणाऱ्या औषधाचा उशिरा सुरू होतो आणि १० ते २० दिवस चालतो. फेंटानिलचा पॅच काढला तरी कातडीखालचा साठा संपायला वेळ लागतो, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १७ तास जातात. म्हणजे तुमचे मिस्टर आत्ता ऐन शिखरावर आहेत आणि उद्या-परवापासून शरीराचा भाग हळूहळू उतरेल. पण झोप, मूड, हुरूप नसणं, हे मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतं, आणि लोक गोळीकडे परत वळतात ते बहुतेक या दुसऱ्या टप्प्यात.

ट्रामाडॉलचं एक वेगळं आहे आणि ते फार कमी पेशंटना सांगितलेलं असतं. हे औषध दोन कामं करतं. एक ओपिऑइडचं, आणि दुसरं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनालिन वाढवण्याचं, म्हणजे डिप्रेशनच्या काही गोळ्या करतात तेच. त्यामुळे विथड्रॉवल, म्हणजे औषध बंद केल्यावरचा हा त्रास, तोही दोन तऱ्हेचा येऊ शकतो. नेहमीचं वर लिहिलं ते, आणि नोंदवलेल्या केसेसपैकी साधारण आठात एकाला वेगळंच काहीतरी, प्रचंड घबराट, पॅनिक अटॅक, हातापायाला मुंग्या, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, भास, आपण आपले नाहीच असं वाटणं. हे झालं की घरचे हादरतात, आपल्या माणसाला वेड लागलं असं त्यांना वाटतं. वेड नाहीये ते, पण असलं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, लपवायचं नाही. त्यात प्रीगाबालिनही एकदम बंद झालंय, त्याचं स्वतःचं विथड्रॉवल असतं, झोप उडणं, मळमळ, डोकेदुखी, घाम, अस्वस्थपणा, आणि ते निदान एक आठवडा तरी घेऊन हळूहळू उतरवायचं असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. त्यामुळे आत्ता कुठला त्रास कुणाचा हे तुम्हाला काय आम्हालाही वेगळं काढता येणार नाही, आणि तशी गरजही नाही, फक्त पुढे उतरवताना दोन्ही एकदम उतरवायची नाहीत, एक स्थिर ठेवून दुसरं.

आता सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. रोज ओपिऑइड घेणाऱ्या कुणाचंही शरीर काही आठवड्यांत त्याला सरावतं, कलेक्टरचं असो की शिपायाचं, निर्व्यसनी माणसाचंही, तान्ह्या बाळाचंही, आयसीयूत दिवसचे दिवस ओपिऑइडचं सलाईन चालू असलेल्या बाळांनासुद्धा ते हळूहळूच कमी करावं लागतं नाहीतर त्यांनाही हाच त्रास होतो, आणि त्या बाळाला कुणी नादी लागलं म्हणत नाही. व्यसन आहे की नाही हे आम्ही वागण्यावरून ठरवतो. गोळी दुखण्यासाठी घेतात की दुखत नसतानाही, डोस स्वतःहून वाढवला का, स्ट्रिप वेळेआधी संपते का, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेतल्या का, घरच्यांशी खोटं बोलतात का, कामाचं-घराचं नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, सारखा डोक्यात तोच विचार असतो का. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं एकही नाहीये, उलट माणसाने भीतीने स्वतःहून गोळ्या सोडून दिल्या. सासूबाईंना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा, कारण घरात हा शिक्का बसला की पेशंट त्रास लपवायला लागतो आणि तिथून खरी घसरण होते, हे मी पुष्कळदा बघितलंय. आणि समजा कुणाच्या बाबतीत वरच्या प्रश्नांची उत्तरं हो आली, तरी तोही आजारच आहे, त्याला उपचार आहेत, ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन औषधं मृत्यूचं प्रमाण खरोखर कमी करतात, शिव्या दिल्याने काही कमी होत नाही.

उतरवायचं कसं, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण गडबड इथे होते. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मुद्दाम इशारा काढला होता की ओपिऑइडवर असलेल्या माणसाचं औषध अचानक तोडलं किंवा भरभर कमी केलं तर तीव्र विथड्रॉवल, आवरता न येणारं दुखणं, मानसिक त्रास आणि आत्महत्यासुद्धा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे बंद करायचं हे बरोबर असलं तरी कसं बंद करायचं यात जीव अडकलेला असतो. सीडीसी या तिथल्याच सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला १० टक्के किंवा त्याहून सावकाश असा वेग सुचवलाय. काही आठवडे किंवा काही महिनेच घेतलेल्यांना याहून भरभर चालतं, आठवड्याला १० टक्केही बऱ्याच जणांना झेपतं. तुमचे मिस्टर मधे कुठेतरी येतात. दिवसाला २०० मिलिग्रॅम आहे, ५० च्या गोळ्या आहेत, तर साधा मार्ग म्हणजे चारच्या तीन, मग तीनच्या दोन, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. कुणाला ५० ची पायरी फार उंच वाटते, मग ट्रामाडॉलचे ड्रॉप्स मिळत असतील तर त्यावर नेऊन छोट्या छोट्या पायऱ्या करता येतात, डॉक्टरांना हे जरूर विचारा. आणि एक, एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी असेल तर ती मोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर नाहीच, कारण १२ किंवा २४ तासांत सुटायचा डोस एकदम रक्तात उतरतो.

आकड्यांकडे बघताना हे लक्षात घ्या की दोनशेचे दीडशे म्हणजे चौथा हिस्सा कमी, पण शंभरचे पन्नास म्हणजे निम्मं कमी, आणि पन्नासचं शून्य म्हणजे सगळंच. गोळी तीच एक कमी होते पण शरीराला शेवटची पायरी सगळ्यात उंच पडते. म्हणून सुरुवातीला लोक म्हणतात काहीच त्रास नाही, करून टाकू भराभर, आणि शेवटच्या दोन गोळ्यांशी अडकतात आणि स्वतःला दोष देत बसतात. शेवटी शेवटी वेग निम्मा करायचा, गोळी लहान होत नसेल तर दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवायचं, आणि दिवसाला एकाहून कमी लागायला लागली की थांबवायचं. मधे कधी त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचं, आठवडा, दोन आठवडे, महिना, थांबणं म्हणजे हरणं नाही. मागे वर चढणं मात्र शक्यतो टाळायचं. आणि घरात लग्न, परीक्षा, नोकरी बदल असं काही चालू असेल तर तो महिना पायरी उतरायला घ्यायचा नाही.

मी पेशंटना एक साधा कागद करायला सांगते. चार रकाने, तारीख, आज किती गोळ्या, रात्री किती तास झोप, दुखणं दहापैकी किती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा आणि रोज रात्री बायकोने किंवा मुलाने भरायचा, पेशंटने नाही, कारण पेशंट वाईट दिवशी लिहितच नाही. दोन-तीन आठवड्यांनी तो कागद बघितला की बहुतेकांना आश्चर्य वाटतं, गोळी कमी झाली तरी दुखण्याचा आकडा तोच राहिलाय, कधी कधी उलट कमी झालाय. यामागे कारण आहे. ओपिऑइड बराच काळ घेतलं की काहींच्या मज्जातंतूंची दुखणं पकडायची तीव्रताच वाढते, हायपरअल्जेसिया म्हणतात, मूळ जागेचं दुखणं पसरतं, साधा स्पर्शही बोचतो, आणि पेशंट आणि डॉक्टर दोघंही समजतात की आजार वाढलाय म्हणून डोस वाढवतात. दुसरं म्हणजे दोन डोसच्या मधे थोडं थोडं विथड्रॉवल येत असतं, अंग ठणकतं, गोळी घेतली की बरं वाटतं, माणसाला वाटतं बघा कंबर किती दुखतेय, आणि त्यातलं निम्मं दुखणं गोळी उतरल्याचंच असतं.

त्रास कमी करायला बाकी काय. पाणी, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस, हे पहिलं, कारण विथड्रॉवलने माणूस दगावण्याची वेळ क्वचित येते पण आली तर ती उलट्या-जुलाबाने पाणी सुकल्यामुळे येते, आणि ते टाळण्यासारखं असतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. जुलाबाला लोपेरामाइड चालतं पण पाकिटावर लिहिलंय तेवढंच, जास्त डोसमध्ये ते हृदयाचे ठोके बिघडवतं, यावर २०१६ मध्ये एफडीएचा इशारा आहे, आणि नेटवर लोक विथड्रॉवलसाठी मुठीने घ्यायला सांगतात ते वाचून करू नका. घाम, धडधड, बेचैनीला क्लोनिडिन छान काम करतं, लोकस सेरुलियसलाच शांत करतं, पण बीपी पाडतं, उठताना चक्कर येते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पायांना गरम पाण्याची पिशवी, कोमट पाण्याची आंघोळ, रात्री झोप नाही तर पडून तळमळण्यापेक्षा उठून थोडं चालणं. झोपेसाठी शेजारच्यांकडची अल्प्राझोलाम वगैरे देऊ नका, त्याचं कारण पुढे येतंय.

पुढचं नीट वाचा, हे मिस्टरांनाही वाचून दाखवा. बंद केल्यानंतर किंवा बराच कमी केल्यानंतर शरीराची सवय झपाट्याने मोडते. जो माणूस महिन्यापूर्वी एक डोस सहज पचवत होता त्याला आज तोच डोस जड जाऊ शकतो, आणि श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. ओपिऑइडचे मृत्यू श्वासामुळे होतात. आणि ज्यांनी थांबवून मग पुन्हा जुन्याच डोसवर उडी मारली त्यांच्यात हे जास्त दिसतं. म्हणून कंबर पुन्हा भडकली तरी कपाटातून काढून चार गोळ्यांवर परत जायचं नाही, डॉक्टरांना विचारून खालच्या डोसवरूनच. ट्रामाडॉलचा जास्तीत जास्त डोस मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम, त्यापुढे फिटचा धोका चढतो, पण हा आकडा सवय असलेल्या निरोगी माणसाचा आहे, किडनी-लिव्हर कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर त्याहून कमी.

त्याहून जास्त घात करतं ते मिश्रण. ओपिऑइड आणि झोपेच्या-घबराटीच्या बेंझो गटातल्या गोळ्या (वर लिहिलेली अल्प्राझोलाम त्यातलीच) एकत्र, यावर २०१६ पासून एफडीएची सगळ्यात कडक चेतावणी आहे, श्वास दोघंही दाबतात. दारू तर नाहीच, एक पेगसुद्धा नाही. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिनबद्दल २०१९ मध्ये श्वास मंदावण्याबद्दलच इशारा आला, म्हणजे तुमच्या मिस्टरांचंच कॉम्बिनेशन, हे सर्रास एकत्र दिलं जातं आणि बहुतेकांना काही होत नाही, पण दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), घोरणं, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत मधेच श्वास थांबणं) असेल तर डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. रात्री ते जोरात घोरतात आणि मधेच श्वास थांबतो असं तुम्हाला कधी जाणवलंय का, जाणवलं असेल तर आज फोनवर तेही सांगा. झोपलेला माणूस हाक मारून हलवून उठत नाही, ओठ निळसर, श्वास मिनिटाला आठ-दहाच्याही खाली किंवा घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या, तर तो ओव्हरडोस, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, कुशीवर वळवायचं, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा. नॅलोक्सोन हे ओपिऑइडवरचं उतारा औषध ३० ते ९० मिनिटंच टिकतं, माणूस शुद्धीवर आला म्हणून घरी आणायची घाई नको, औषध उतरलं की तो परत गुंगीत जाऊ शकतो.

डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल थोडं, कारण कंबरदुखीच्या पेशंटना ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन खूप वेळा दिलेलं असतं. ट्रामाडॉलबरोबर सेरोटोनिन जास्त होऊन अंग थरथरणं, ताप, जुलाब, स्नायू ताठ, गोंधळ असा सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. शिवाय ट्रामाडॉलला लिव्हरमधलं एक एन्झाइम बदलून देतं तेव्हा त्याचा खरा दुखणं मारणारा पदार्थ तयार होतो, आणि फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन तेच एन्झाइम अडवतात, म्हणजे दुखणं थांबत नाही आणि सेरोटोनिन मात्र साठतं, मग पेशंट अजून एक गोळी घेतो. काहींच्यात हे एन्झाइम जन्मजात अति वेगाने चालतं, त्यांना साधा डोसही जास्त होतो. म्हणूनच १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडॉल द्यायचं नाही असं २०१७ मध्ये ठरलं. घरातल्या मुलाचा पाय मुरगळला म्हणून बाबांची अर्धी गोळी, हे कधीच नको.

ओपिऑइड सोडून बाकीच्या पेनकिलर्सचं थोडक्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे बंद केल्यावर असं विथड्रॉवल येत नाही, पण पोटात अल्सर, किडनीवर ताण, बीपी आणि हार्टचा धोका असतो, आणि बीपीची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि ही गोळी अशी तिन्ही एकत्र आली की किडनी पटकन बसते. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर लिव्हर जाळतं, आणि ट्रामाडॉलच्या कॉम्बिनेशन गोळीत ते ३२५ मिलिग्रॅम आधीच असतं, सर्दीच्या गोळीतही असतं, म्हणून मिस्टरांच्या स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचा. डोकेदुखीवाल्यांचं वेगळंच, महिन्यातून १० किंवा जास्त दिवस ओपिऑइड किंवा कॉम्बिनेशन, किंवा १५ किंवा जास्त दिवस साध्या पेनकिलर, असं तीन महिने चाललं की गोळीनेच डोकं दुखायला लागतं. बॅक्लोफेन, म्हणजे स्नायू सैल करणारी गोळी, मात्र एकदम कधीच तोडू नये, त्याच्या विथड्रॉवलमध्ये फिट आणि भास होतात.

तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असणारच, मग आठ महिने दिल्या कशाला. यामागे इतिहास आहे. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं, हॉस्पिटलमध्ये ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ पेशंटपैकी चौघांनाच व्यसन लागल्याचं दिसलं, एवढंच. ते हॉस्पिटलमध्ये दाखल पेशंटबद्दल होतं, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल नव्हतंच, पण पुढे शेकडो लेखांनी त्याचा आधार घेतला आणि ही औषधं निर्धास्त द्यायची पद्धत पडली. नंतर नीट अभ्यास झाले. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखी आणि गुडघा-खुब्याच्या संधिवाताच्या २४० पेशंटवर वर्षभर तुलना केली, ओपिऑइड घेणाऱ्यांचं चालणं-फिरणं, काम करणं साधी, ओपिऑइड नसलेली औषधं घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा चांगलं झालं नाही, दुखणं तर साध्या औषधांच्या गटात किंचित कमीच होतं. आणि सीडीसीच्या २०१७ च्या आकडेवारीत, पहिल्यांदा एकच दिवसाचं ओपिऑइड मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के वर्षानंतरही घेत होते, पहिल्याच वेळी ३१ दिवस किंवा जास्त मिळालेल्यांपैकी जवळजवळ ३० टक्के. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस ही औषधं फार मोलाची आहेत आणि कॅन्सरच्या दुखण्यात तर ती न देणं हा अन्याय आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ऑपरेशननंतर थांबवायची तारीख चिठ्ठीवर त्याच दिवशी लिहिलेली असावी असं माझं ठाम मत आहे, आणि ती लिहिणं ही आमची डॉक्टरांची जबाबदारी, पेशंटची नाही.

म्हणून मिस्टरांच्या बाबतीत उतरवण्याबरोबरच कंबरेसाठी दुसरं काय हे त्याच भेटीत विचारा, फिजिओथेरपी, रोजचं चालणं, पोट-पाठीचे व्यायाम, मज्जातंतूचं दुखणं असेल तर त्याची वेगळी औषधं, गरज असेल तर इंजेक्शन. नुसती गोळी काढून घेतली आणि जागा रिकामी ठेवली तर ते टिकत नाही. डोस बदलल्यावर पहिले काही दिवस गाडी चालवायची नाही. मुलांना एवढंच सांगा की बाबांचं औषध बदलतंय म्हणून ते थोडे दिवस चिडतील, मुलं समजून घेतात.

राहिल्या स्ट्रिप्स. आत्ता फेकू नका, डॉक्टरांनी परत सुरू केलं तर उतरवायला लागतीलच, पण मिस्टरांच्या उशाशीही नकोत आणि मुलांच्या हाताशी तर नकोतच. सगळ्या मोजा, आकडा त्या कपाटाच्या कागदावर लिहा, कुलपात ठेवा, रोज सकाळी त्या दिवसापुरत्या तुम्ही काढून द्या. हे मिस्टरांना विचारून करा, पाठीमागे लपवून नाही, बहुतेकांना उलट बरं वाटतं. सगळं संपल्यावर उरलेल्या गोळ्या औषधाचं दुकान किंवा हॉस्पिटल परत घेत असेल तर तिथे द्या, घेत नसतील तर स्ट्रिपमधून काढून माती किंवा चहाच्या चोथ्यात कालवून बंद पिशवीत घालून कचऱ्यात, आणि चिठ्ठीवरचं नाव खोडून. पुढच्या कंबरदुखीसाठी म्हणून दहा गोळ्या बाजूला ठेवू का असं कुणी विचारलं तर नाही म्हणा.